रुपाची तबकडी आणि मोतीरामचं कुत्रं

रुपाच्या हाताची गोष्ट सांगायची तर गोफणीपासून सुरुवात करावी लागते. लहानपणी ज्वारी निसवली की तिला माळ्यावर बसवायचे. वावराच्या मधोमध बल्ल्या रोवून बांधलेला तो माळा, खाली हुरड्यावर आलेली कणसं, वर पाखरांचे थवे, आणि मध्ये ही पोरगी गोफण गरगरवत उभी. भाऊ मोतीराम तिच्याहून मोठा, पण त्याचा गोटा कधी पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जायचा, तर कधी सरळ बापाच्या पाठीत. रुपाचा गोटा मात्र जिथे सांगावा तिथे. "हात हिच्या वाट्याले आला, मले देवानं नुसतं तोंड देलं," असं मोतीराम स्वतःच हसत सांगायचा. खोटं नव्हतं ते. तोंड त्याला भरपूर दिलं होतं.

लग्न होऊन रुपा ओढ्यापलीकडच्या गावात आली, तेलंगणातल्या, सीमेलगतच्या बेल्याहून, म्हणजे माहेराहून, हाकेच्या अंतरावर. नवरा देवानंद कमालीचा मुका माणूस. दोन शब्दांचं काम तो एकात भागवायचा आणि तो एकही बैलाशी बोलायचा. कापूस, ज्वारी, दोन बैल, असा संसार. मोतीराम बेल्याच्या बाजारात एका कृषी केंद्रात बियाणं आणि फवारणीची औषधं विकायला बसला. तिथे त्याच्या तोंडाला चांगलं गिऱ्हाईक मिळालं. मराठीत सुरू झालेलं वाक्य तो तेलुगूत संपवायचा आणि मधेच हिंदीत एक टाळी मागायचा. बहिणीचा त्याच्यावर फार जीव. माहेर म्हणजे तिला दादाच. आई-बाप गेल्यावर तर अजूनच.

एका साली मोतीरामची कुत्री व्याली. रुपा माहेरी गेली होती, तिने त्यातलं एक पिल्लू उचललं, पांढरंशुभ्र, फुटलेल्या बोंडासारखं. म्हणून नावही बोंड्याच पडलं. आता इकडच्या गावांत पिल्लू फुकट नेत नाहीत. ज्याच्या घरी कुत्री व्याली त्याला पायलीभर ज्वारी द्यायची. ज्वारी त्या घरात उतरली की पिल्लू नेणाऱ्याचं झालं. नाही उतरली, तर ते कुठेही वाढो, कोणाचीही भाकर खावो, ते जुन्याच घरचं. यावरून मागे भांडणं झालेली आहेत, लोकांनी भरल्या चावडीत एकमेकांची आई-बहीण काढलेली आहे. तेव्हा रुपा रीतीप्रमाणे फडक्यात ज्वारी बांधून घेऊनच गेली होती.

मोतीरामने ते गाठोडं तिच्या काखेत परत खोचलं. म्हणाला, "बहिणीच्या ज्वारीवर जगाचे दिवस आले का माह्ये? घेऊन जाय मुकाट्यानं."

त्याची बायको रेणुकाबाई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "घेऊन ठेवा न जी. रीत हाये थे."

"रीत गेली चुलीत. माहेरचं कुत्रं हाये तिचं."

रुपाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बाईमाणसाला एवढं पुरतं. घरी परत येताना वाटेत जो भेटेल त्याला ती गाठोडं दाखवून सांगत आली, "पाहा, दादानं पायली घेतली नाही." विहिरीवर सांगितलं, पिठाच्या गिरणीत सांगितलं. गावातले म्हातारे नागनाथबाबा पाराजवळ बसले होते, धुऱ्याच्या आणि गुरांच्या भांडणात सगळे ज्यांच्याकडे जातात ते. त्यांनाही तिने थांबून सांगितलं. ते म्हणाले, "चांगला भाऊ हाये बापा तुहा." ती दिवसभर हवेत होती.

बोंड्याला पळायचं वेड होतं. रुपा माळ्यावरून पाखरं हाकायची, तेव्हा गोट्यामागे हा खाली ज्वारीतून धावायचा. एकदा तिने गंमत म्हणून रंगाच्या बादलीचं झाकण भिरकावलं. झाकण तरंगत गेलं, वाऱ्यावर जरासं थबकलं, आणि बोंड्याने उडी मारून ते दातात धरलं. रुपा माळ्यावरच बसली हसत. मग रोजच सुरू झालं. गोफणीत जसं दोरी नेमकी केव्हा सोडायची हे मनगटाला कळतं, तसं झाकणाचं तिला कळायला लागलं. वारा समोरून असला तर झाकण खाली दाबून, मागून असला तर वर सोडून. आणि तो पांढरा बोळा कापसाच्या सऱ्यांवरून उड्या घेत झाकणाखाली जाऊन पोचायचा. देवानंद औत थांबवून पाहायचा. बोलायचा नाही, पण औत थांबवायचा. त्याच्याकडून आणखी काय पाहिजे?

मोतीरामने हे पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. त्याने मोबाइलवर चित्रण केलं आणि चारचौघांना पाठवलं. मग कुठून कुठून पाहणाऱ्यांचे निरोप यायला लागले. एक दिवस तो हैदराबादहून मागवलेली, कुत्र्यांच्या खेळाची खरी तबकडी घेऊन आला, नारंगी, कडेला जाड. सोबत बातमीही आणली. आदिलाबादला कुत्रे पाळणाऱ्यांचं एक मंडळ होतं, ते दरवर्षी थंडीत लांब तबकडी फेकायची स्पर्धा भरवायचं. तिथे जो जिंकेल तो हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेला जाणार.

"गावठी कुत्रं चालते का?" रुपाने पहिलं तेच विचारलं.

"चालते. जात-पात काईच नाही त्याच्यात. माणसायपेक्षा बरं हाये."

संध्याकाळी खळ्यावर लोक जमले आणि मोतीरामने मोबाइलमधून नियम वाचून दाखवले. वाचायचा तेलुगूत, सांगायचा आपल्या बोलीत. चुन्याची रेघ आखलेली असते, फेकताना तिच्यावर पाय पडला की ती फेक बाद. तबकडी कुत्र्याने हवेतच धरली पाहिजे, जमिनीला टेकली की गेली. धरल्यावर कुत्र्याचा पहिला पाय जिथे टेकेल तिथपर्यंत टेप लावतात. चार फेका मिळाल्या तरी सगळ्यात लांबची तेवढीच धरतात. रेघेबाहेरच्या माणसाने कुत्र्याला हाक मारायची नाही. आणि कुत्र्याला मारलं किंवा शिवी दिली, तर माणसालाच मैदानाबाहेर काढतात.

"शिवी बी नाही?" नागनाथबाबांना हे पटेना. "मंग कुत्रं आयकते कसं?"

खळ्यावर हशा पिकला. मोतीरामने पुढचं वाचलं. "एका कुत्र्याले एकच फेकणारा. बदलाचा असन तं मालकानं फेरीच्या आंधी पंचाले सांगाचं."

"म्हंजे कसं?" रुपाने विचारलं.

"म्हंजे तुहा हात दुखून राह्यला तं देवानंदराव फेकतीन."

सगळ्यांनी देवानंदकडे पाहिलं. त्याला बैलाचा कासरासुद्धा झाडावरून पलीकडे टाकता येत नव्हता. पुन्हा हशा. देवानंदही हसला. आणि नियम तिथेच हसण्यावारी गेला.

त्या हिवाळ्यात रुपाने जिवाचं रान केलं. सकाळी कापूस वेचायला बायका यायच्या आधी एक फेरी, दुपारी भाकर खाऊन झाली की दुसरी. खळ्यावर राखेने रेघ आखली, तिच्यावर पाय पडला की स्वतःलाच शिव्या द्यायची, कारण कुत्र्याला द्यायला बंदी होती. मोतीराम कधीमधी गाडीवर यायचा, लांब उभा राहून टेप धरायचा, "हां, अशी, अजून थोडी" करायचा. तेवढंच त्याचं शिकवणं. पण रुपाला त्याचं मोल मोठं होतं. दादा आपला कामधंदा सोडून येतो, यातच ती खूश.

तिला फार काही नको होतं. हैदराबादच्या मोठ्या मैदानावर एकदा बोंड्याला सोडायचं, एवढंच. आदिलाबादच्या पुढे ती कधी गेली नव्हती. आणि आपलं नाव कोणी माइकवरून पुकारलं तर कसं वाटतं, हे तिला एकदा पाहायचं होतं.

ते तिला पाहायला मिळालं. आदिलाबादच्या त्या मैदानात मंडप होता, ढोल होते आणि उंच-गोऱ्या जातिवंत कुत्र्यांची रांग होती, ज्यांचे मालक त्यांना बाटलीतून पाणी पाजत होते. गावातून जीप भरून माणसं आली होती, नागनाथबाबा पुढच्या सीटवर. माइकवाल्याने तालुक्याचं नाव लावून तेलुगूत "बेला, रुपा गारू, बोंड्या" असं मानाने पुकारलं. ती रेघेमागे उभी राहिली. पदर कमरेला खोचला. वारा उजव्या गालावर लागत होता. तिने तबकडी डावीकडे कलती सोडली, आणि तबकडी वळण घेत वाऱ्यावर चढली. बोंड्या आधीच अर्ध्या मैदानात. त्याने ती अशी अलगद धरली की मंडपातल्या बाया आपसूक उभ्या राहिल्या. सकाळच्या फेरीत तिच्यापुढे कोणी गेलं नाही. पंच होते व्यंकटराव, आदिलाबादलाच वाढलेले, बँकेतून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ. ते स्वतः टेप गुंडाळत आले आणि म्हणाले, "वा, बाई. संध्याकाळच्या फेरीत असाच हात ठेवा." सकाळचं अंतर संध्याकाळी धरत नसत, सगळं नव्याने.

घात झाला तो दुपारी. शहरातल्या एका वाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला आणि त्याने विचारलं, हे कुत्रं शिकवलं कोणी? रुपा तेव्हा बोंड्याला पाणी दाखवायला नळावर गेली होती. मोतीराम तिथे होता, आणि त्याचं तोंडही होतं. "मीच शिकवलं," तो म्हणाला. आपलं कुत्रं, आपल्या घरची कुत्री, आपणच तबकडी आणली, झालं, तो सांगत सुटला. कॅमेरावाला म्हणाला, मग शेवटची फेरी तुम्हीच फेकणार ना, आम्ही ती पूर्ण दाखवू. भोवती माणसं जमली होती. त्यात त्याची बाजारातली गिऱ्हाइकंही होती. तिथे त्याने नाही म्हणायला पाहिजे होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरतो. त्याने मान हलवली, आणि ती होकाराची.

रुपा नळावरून आली तेव्हा मोतीराम व्यंकटरावांपुढे उभा होता.

"फेकणारा बदलाचा हाये साहेब. मालक मी हाये."

रुपाला वाटलं, दादा गंमत करतोय. ती हसली सुद्धा. मग तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"दादा, काऊन असं करून राह्यला? माहा हात कुठं दुखते?"

"तुले समजत नाही रुपे. टीव्हीवाले आले. मोठी फेरी हाये. तू घाबरशीन."

"सकाळी घाबरली का मी?"

तो आता तिच्याशी बोलतच नव्हता. तो पंचांशी बोलत होता. व्यंकटराव बिचारे अवघडले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे पाहा, मालकीचा तस्फिया, म्हणजे निवाडा, मी करू शकत नाही. तुमच्या गावची जाणती माणसं असतील तर त्यांना विचारू. ते सांगतील तो मालक. आणि मालक म्हणेल तो फेकेल. नियम तेवढाच आहे."

जीपमधून आलेली माणसं गोळा झाली. नागनाथबाबा काठी टेकत पुढे आले. त्यांना विचारायला एकच प्रश्न होता, आणि तो त्यांनी रुपालाच विचारला.

"पोरी, पायली देली होती का?"

तिला खोटं बोलता आलं असतं. पण कसं बोलणार? विहिरीवर, गिरणीत, पारावर, सगळीकडे तिनेच ओरडून सांगितलं होतं. जी गोष्ट ती भावाचं मोठेपण म्हणून मिरवत आली, तीच आता तिच्या गळ्याला लागली होती. तरी तिला भरवसा होता. दादा इथेच उभा आहे. दादाला माहीत आहे. तो एवढं म्हणेल की मीच परत केली, बहीण आहे म्हणून परत केली. एवढंच म्हणायचं होतं त्याला.

"नेली होती बाबा," ती म्हणाली. "यानंच परत देली. इचारा त्याले."

नागनाथबाबांनी मोतीरामकडे पाहिलं. "ज्वारी तुह्या घरात उतरली का गा?"

मोतीरामने रुपाकडे पाहिलं नाही. तो चुन्याच्या रेघेकडे पाहत होता.

"नाही उतरली," तो म्हणाला.

"काऊन नाही उतरली, थे सांग," रुपा म्हणाली. "दादा, थे सांग न."

आयुष्यभर ज्याचं तोंड बंद पडलं नाही, तो नेमका तेव्हा गप्प राहिला. नागनाथबाबांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं, पण रीत ती रीत. "उतरली नाही तं कुत्रं याच्या घरचं," ते म्हणाले. व्यंकटरावांनी मान डोलावली. देवानंद पुढे झाला, त्याने तोंड उघडलं, आणि त्याला एवढंच बोलता आलं, "हे बराबर नाही." कोणी ऐकलं नाही. माइकवाल्याने नवं नाव पुकारलं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. सुरी दिसत नाही, धार कळत नाही, आणि कापणारा आपलाच असतो. रुपा दोरीबाहेर जाऊन उभी राहिली. तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि रागाच्या खाली काहीतरी रिकामं रिकामं झालं, माहेर होतं त्या जागी.

आता वाटलं असतं की बोंड्या हटून बसेल, मोतीरामच्या हातची तबकडी धरायचा नाही. तसं काही झालं नाही. कुत्र्याला काय कळतं माणसांचं? नारंगी तबकडी दिसली आणि तो थुईथुई नाचायला लागला. मोतीरामची पहिली फेक वाकडी गेली, दुसरी जमिनीला टेकली. तिसरीला त्याचा पाय रेघेवर पडला. चौथी त्याने नुसती जीव खाऊन भिरकावली, आणि नेमका मागून वारा उठला. तबकडी जात राहिली, जात राहिली, आणि बोंड्या तिच्याखाली आपल्या चारी पायांनिशी उडाला. तिच्या हातांनी शिकवलेला, तिच्या भाकरीवर पोसलेला. रेघेबाहेरच्याने हाक मारायची नाही असा नियम होता. एक हाक मारली असती तर फेक बाद झाली असती आणि मोतीराम तोंडावर आपटला असता. तिच्या जिभेच्या टोकापर्यंत बोंड्याचं नाव आलं. पण बोंड्या हवेत होता, आणि इतका सुंदर होता, की तिच्याने ते झालं नाही. तिने दात-ओठ आवळून धरले. टेप लागला. मोतीराम जिंकला.

हार झाले, फोटो झाले. मग तो साखळी घेऊन तिच्याकडे आला, गळ्यात झेंडूचा हार तसाच, तोंडावर ते जुनं हसू.

"घे वं, ने आता घरी. दमला बिचारा. हैदराबादले जाच्या वक्ताले मी फोन करतो, आणून देजो."

रुपा त्याच्याकडे पाहतच राहिली.

"कोणाचं कुत्रं हाये?"

"तुहंच हाये न. हे काय इचाराची गोष्ट हाये?" तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला. त्याला सगळं माहीत होतं. दुपारीही माहीत होतं.

"मंग एवढंच त्या साहेबाले जाऊन सांग."

"आता? येडी झाली का? आता सांगतलं तं सगळं बाद करतीन न ते."

तिने साखळी घेतली नाही. "चाला," ती देवानंदला म्हणाली, आणि जीपकडे चालायला लागली. मागून बोंड्याने साखळी ताणली, त्याचा खळखळाट तिला ऐकू येत होता. देवानंदने एकदा मागे वळून पाहिलं. तिने नाही.

हैदराबादला मोतीरामची तबकडी दोनदा जमिनीला टेकली आणि तो पहिल्या फेरीतच परत आला. वाहिनीवाला पुन्हा भेटला नाही. रुपाला ते कोणी येऊन सांगितलं तेव्हा तिला आनंद झाला नाही, ती तूर झोडत होती, झोडतच राहिली.

उन्हाळा लागता लागता एक दिवस सकाळी बोंड्या तिच्या दारात उभा. गळ्यात तुटलेल्या दोराचा तुकडा, पोट खपाटीला, पाय ओढ्याच्या चिखलाने भरलेले. तिला पाहून तो जमिनीवर लोळला, विव्हळला, तिच्या पायांवर डोकं घासायला लागला. देवानंद गोठ्यातून धावत आला. "आला," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. रुपाने खाली बसून बोंड्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याला भाकर कुस्करून दिली, ताकात कालवून. तो खाईपर्यंत त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने कासऱ्याचा तुकडा घेतला, त्याच्या गळ्यात बांधला, आणि उन्हातान्हात ओढा ओलांडून माहेरची वाट धरली.

मोतीराम अंगणात गाडी पुसत होता. तिला पाहून तो उठला. चेहऱ्यावर आधी भीती, मग आशा. रेणुकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीने बाहेर आली.

रुपाने बोंड्याला ओसरीच्या खांबाला बांधलं. गाठ दोनदा ओढून पाहिली.

"बांधून ठेवत जा. लोकायचं कुत्रं माह्या दारात येते," ती म्हणाली.

"रुपे, तुहंच हाये थे," मोतीराम म्हणाला. त्याचा आवाज या वेळी खरा होता. "चुकलं माह्यं. ने न बापा. तुहंच हाये."

"हे तिथं म्हणाचं होतं."

"बाई, पाणी तरी घ्या," रेणुकाबाई म्हणाली. तिने तांब्या पुढे केला.

रुपाला तहान लागली होती. घसा कोरडा पडला होता. तिने तांब्याकडे पाहिलं, मग भावाकडे पाहिलं, आणि पाणी न घेताच अंगणाबाहेर पडली.